जप्त झालेला भोंगा

निवडणुकांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं असतात, पक्षांची असतात, मतांचे आकडे असतात. ज्याच्या भोंग्यातून तो सगळा प्रचार लोकांच्या कानावर गेला, त्या स्पीकरवाल्याचं नाव कुठेच नसतं. मी काळेवाडीचा स्पीकरवाला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंपरीच्या कारखान्यातली पाळी सांभाळून हा धंदा सुरू केला. मी तो पूर्णवेळ केला, आता मुलगा बघतो. लग्न, बारसं, भजन, गणपती, नवरात्र यांवर आमचं घर चाललं. पण या धंद्याचा कस लागतो निवडणुकीत, आणि तोही सत्तेवर नसलेल्या पक्षाचा माणूस सामान मागायला दारात उभा राहतो तेव्हा.

विरोधकाचा प्रचार अडवायचा तर त्याला पकडावं लागत नाही. पकडला की त्याचा फोटो छापून येतो, सुटला की गळ्यात हार पडतात. शहाणा अधिकारी त्याच्या वाटेला जातच नाही. तो परवानगीचा कागद विचारतो. कागद नसेल तर अँप्लिफायर उचलतो, कागद असेल तर त्यावरची वेळ बघतो. वेळही बरोबर असेल, तर वाहतुकीला अडथळा होतोय म्हणतो. आणि हे सामान कुणाचं असतं? पुढाऱ्याचं नसतं, पक्षाचं तर नसतंच. ते भाड्यानं आणलेलं, आमचं असतं. गेली पन्नास-साठ वर्षं रस्त्यावरच्या प्रचारावर जेवढे घाव पडले, त्यातले पुष्कळसे आमच्या पाठीवर पडले, आणि त्याची नोंद कुणी ठेवली नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी सामान कसं असतं ते सांगतो. प्रचाराच्या रिक्षाला दोन भोंगे लागतात, एक पुढे तोंड करून, एक मागे. टपावर लाकडी पट्टी आडवी टाकायची, खाली गोणपाटाची घडी ठेवायची म्हणजे हूड फाटत नाही, आणि सुतळीनं चार बाजूंनी आवळायचं. भोंगा म्हणजे नुसता पत्र्याचा कर्णा. त्याच्या मागे जे जड, डब्यासारखं बसवतात ते युनिट, आवाज त्यातून निघतो. युनिट जळलं की भोंगा मुका. मागच्या सीटखाली बारा व्होल्टची बॅटरी, सीटवर अँप्लिफायर, आणि माईक बोलणाऱ्याच्या हातात. माईक भोंग्याच्या तोंडासमोर आला की शिट्टी सुटते, म्हणून बोलणाऱ्यानं आत दबून बसायचं असतं. नवा कार्यकर्ता हटकून बाहेर डोकावतो. रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची, सकाळी पाणी तपासायचं. आता मोबाईलमधलं गाणं आणि रेकॉर्ड केलेलं भाषण लावून रिक्षा फिरते. पण माझ्या उमेदीत माणूस दिवसभर ओरडायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचा घसा बसायचा.

एक गोष्ट आमच्या पट्ट्यातल्या लोकांनाही फारशी आठवत नाही. ज्या गाड्यांवरून महाराष्ट्रानं प्रचार ऐकला त्यातल्या कितीतरी इथंच बनल्या. बजाजची रिक्षा आकुर्डीची, बजाज टेम्पोही आकुर्डीचा. पुढे मेटॅडोर आली, तीही त्याच कंपनीची. मालक कोणत्या पक्षाच्या जवळचा, याच्याशी गाडीला देणंघेणं नव्हतं. ती सगळ्यांचा भोंगा वाहायची.

आप्पांच्याही आधीचा काळ मी ऐकून सांगतो. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. गावात कार्यक्रम ठरायचा आणि पोलीस आधी हजर व्हायचे. अमर शेखांचा आवाज असा, की त्यांना माईक लागतच नसे असं जुने लोक सांगायचे. ही सगळी मंडळी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरली. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात आचार्य अत्र्यांचं ‘मराठा’ दैनिक निघालं, आणि १९५७ ची निवडणूक आली. राज्यात आणि केंद्रात काँग्रेसचं सरकार, रेडिओ सरकारचा, मोठी वर्तमानपत्रं बहुतेक विरोधात. समितीपाशी होते शाहीर, वक्ते आणि रस्ता. पुण्यातून लोकसभेला ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांना पाडलं, शुक्रवार पेठेतून एस. एम. जोशी विधानसभेवर गेले. कऱ्हाडला खुद्द यशवंतराव चव्हाण थोडक्यात निभावले. पुढच्या काळात विरोधी पक्षांनी रस्त्यावर जो प्रचार केला, त्याची रीत मला वाटतं या निवडणुकीनं घालून दिली. आधी शाहिरी, मग भाषण, आणि शेवटी झोळी फिरवून पैसे.

परवानगीचा कायदा मात्र तोवर आलेला होता. मुंबई पोलीस कायदा १९५१ चा. सभा, मिरवणूक, ध्वनिक्षेपक, सगळ्याची चावी त्यात पोलिसांकडे. गुजरात वेगळा झाला तरी त्यांच्याकडे हाच कायदा राहिला, म्हणून तिथला एक खटला आपल्याही कामाचा आहे. १९६९ साली अहमदाबादेत विद्यार्थी संघटनेची जाहीर सभा घ्यायची होती, पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. हिंमतलाल शहा नावाचा कार्यकर्ता थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ च्या सप्टेंबरात घटनापीठानं सांगितलं की सरकारला रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येईल, वेळ-जागा ठरवून देता येईल. पण रस्ता सभेला सरसकट बंद करता येणार नाही, आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं सोडणारा नियम चालणार नाही. हा निकाल प्रत्येक स्पीकरवाल्याच्या दुकानात लावावा असा आहे. मला तो माझ्या पन्नाशीत एका वकिलांनी समजावून सांगितला. आप्पांना कधी कळलाच नाही.

त्यानंतर तीन वर्षांत आणीबाणी आली. २५ जूनच्या रात्री जे सुरू झालं त्यातली मोठी नावं सर्वांना ठाऊक आहेत. येरवडा भरला, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, ‘साधना’ साप्ताहिकाला कोर्टात धाव घ्यावी लागली, दुर्गाबाई भागवतांना १९७६ साली अटक झाली. पण आमच्या धंद्याशी ज्याचा थेट संबंध, तो प्रसंग मुंबईतला आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात काही वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर चर्चा ठेवली. रस्त्यावर नाही, मैदानात नाही, चार भिंतींच्या आत. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. त्यांच्यातले नाथवानी उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरात न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. भर आणीबाणीत असा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचं मला फार अप्रूप वाटतं. पण हेही खरं, की बंद दाराआड बोलायला ज्या काळात हायकोर्टाची पायरी चढावी लागली, त्या काळात खेड्यातल्या चौकात भोंगा बांधायची कुणाची छाती होणार? त्या दीड वर्षात आप्पांचे भोंगे फक्त भजनाला आणि लग्नाला गेले.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. मतदान मार्चच्या मध्याला. म्हणजे पुरते दोन महिनेही नाहीत. पुढारी तुरुंगातून सुटून येत होते, काही सुटलेच नव्हते. जॉर्ज फर्नांडिस तर कोठडीतूनच बिहारच्या मुजफ्फरपूरला उभे राहिले आणि तिथूनच निवडून आले. चार पक्षांनी मिळून जनता पक्ष काढला तो २३ जानेवारीला, चिन्ह घेतलं भारतीय लोकदलाचं, चक्रातला नांगरधारी शेतकरी. पैसा नाही, गाड्या नाहीत, रेडिओ सरकारचा. आणि एक मोठी गोष्ट लोक विसरतात. या सगळ्या प्रचारात आणीबाणी उठलेली नव्हती. सेन्सॉर ढिला झाला, माणसं सुटली, पण कागदावर आणीबाणी तशीच होती. ती उठली २१ मार्चला, निकाल कळल्यावर. त्या दोन महिन्यांत ज्यानं ज्यानं भोंगा बांधला, त्यानं आणीबाणीतच बांधला.

काळेवाडी तेव्हा गाव होतं. शेती जास्त, घरं कमी, मध्ये पवना आणि पलीकडे पिंपरी कॅम्प. मी सातवीत होतो. फेब्रुवारीत पुण्याहून एक मास्तर आले, राष्ट्र सेवा दलाचे. खादीचा सदरा, खांद्याला शबनम. दोन-तीन ठिकाणी त्यांना सामान नाकारलं होतं. एकानं भोंगा बिघडलाय म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं लग्नाची तारीख आहे म्हणून. आप्पांनी त्यांना पाणी दिलं आणि आत आले. आई चुलीपुढून म्हणाली, “अहो, देऊ नका. एका दिवसाचं भाडं मिळेल आणि कायमची रोजी जाईल.” आप्पा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “भजनाला देतो, तमाशाला देतो, सरकारवाल्यांच्या सभेलाही दिलंय. यांनाच नाही म्हटलं तर मग हा धंदा कसला?” आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं भाकरी जास्त बांधल्या, त्या मास्तरांच्या वाटणीच्या.

आप्पांकडे दोन भोंगे आणि बॅटरीवर चालणारा एक अँप्लिफायर होता. कारखान्याच्या पाळीला सुट्टी टाकून ते जायचे, आणि बॅटरीपाशी बसायला मला न्यायचे. सभा लहान असायच्या. सुरुवातीला तर समोर कुणी बसायचंच नाही. कंदिलाच्या उजेडाबाहेर, झाडाखाली, ओट्याच्या कोपऱ्यावर, भिंतीआड माणसं उभी. विडीचे ठिपके दिसायचे, तोंडं दिसायची नाहीत. भोंगा होता म्हणून त्यांना लांबूनही ऐकू जात होतं, आणि आपण सभेला गेलोच नव्हतो असं दुसऱ्या दिवशी सांगता येत होतं.

मावळाच्या बाजूच्या एका गावात ही सोय कुणाच्या तरी लक्षात आली असावी. सभा सुरू होऊन दोन वाक्यं झाली नाहीत तोच पोलिसांची गाडी आली. मास्तरांनी परवानगीचा कागद काढून दिला. कागद सभेचा आहे, ध्वनिक्षेपकाचा नाही, असं उत्तर मिळालं. आप्पांचं नाव, गाव, कारखाना, सगळं विचारून लिहून घेतलं. अँप्लिफायर आणि बॅटरी गाडीत चढली. भोंगे झाडाला बांधलेले होते, ते सोडायचा कंटाळा केला बहुतेक. मी रडकुंडीला आलो होतो, कारण बॅटरी माझ्या जिम्म्यावर होती.

पोलीस गेले. मास्तर ओट्यावर चढले आणि तसेच बोलायला लागले, पण आवाज झाडापलीकडे पोचेना. मग भिंतीआडचा एक म्हातारा पुढे आला. त्याच्यामागे आणखी दोघं. लांबून ऐकायची सोय राहिली नव्हती, ऐकायचं तर उजेडात येऊन बसणं भाग होतं. हळूहळू सगळा घोळका कंदिलापाशी सरकला. प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसलं. आपण एकटे नाही हे त्या गावाला त्या रात्री कळलं. शेवटी मास्तरांनी धोतर अंथरलं तर त्यावर चिल्लर पडली, दोन-पाचच्या नोटाही पडल्या. ‘एक नोट, एक वोट’ ही घोषणा देशभर होती. पण घोषणा ऐकणं वेगळं आणि ज्याच्या पायात वहाण नाही त्यानं नोट काढून ठेवताना बघणं वेगळं.

तिकडे पुण्यात मोहन धारिया उभे होते. जयप्रकाश नारायणांशी बोला, असं सांगितल्यामुळे १९७५ च्या मार्चमध्ये मंत्रिपद गेलेला आणि नंतर तुरुंग भोगलेला माणूस. त्यांच्यासाठी आणि जनता पक्षासाठी पु. ल. देशपांडे सभा घेत होते. ज्यांना ऐकून महाराष्ट्र हसायचा, त्यांचं गंभीर बोलणं ऐकायला माणसांनी मैदानं भरली. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर उभ्या होत्या. ६ फेब्रुवारीला दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, तेव्हा लोक घरी बसावेत म्हणून दूरदर्शननं ‘बॉबी’ सिनेमा लावला असं आजही सांगतात. तरी मैदान भरलं.

निकालात महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या. जनता पक्षाला १९, शेकापला ५, मार्क्सवाद्यांना ३ आणि खोब्रागडे गटाच्या रिपब्लिकनांना १. उत्तरेसारखी लाट इथं नव्हती, हे मान्य. पण साखर कारखाने, जिल्हा परिषदा, सोसायट्या सगळं एका पक्षाच्या हातात असलेल्या राज्यात विरोधकांनी निम्म्याहून जास्त जागा घेतल्या. पुण्यातून धारिया आले, बारामतीतून जनता पक्षाचे संभाजीराव काकडे आले. मुंबईच्या सहाही जागा विरोधकांकडे गेल्या.

आप्पांचा अँप्लिफायर त्यानंतर बऱ्याच दिवसांनी परत मिळाला. बॅटरी आडवी ठेवल्यामुळे तेजाब सांडलं होतं, तळाचा पत्रा खाल्लेला. कुणी माफी मागितली नाही, कुणी भरपाई दिली नाही, आणि नव्या सरकारातलंही कुणी विचारायला आलं नाही. आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते आजही लागतं. एका अँप्लिफायरची किंमत तेव्हा कामगाराच्या काही पगारांएवढी असायची.

धंदा माझ्या हाती आला तोवर नव्वदचं दशक लागलं होतं आणि दिल्लीत मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून टी. एन. शेषन बसले होते. स्पीकरवाले त्यांच्यावर चिडायचे, रात्रीचं काम बुडालं म्हणून. मी चिडलो नाही. गाडीची नोंद, भोंग्याचा परवाना काचेवर चिकटवलेला, रात्रीची वेळ ठरलेली, भिंती रंगवायला बंदी, हे सगळं पहिल्यांदाच सत्तेवाल्याला आणि विरोधकाला सारखं लागू होताना दिसलं. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. आजारी माणसाचा, अभ्यास करणाऱ्या पोराचा त्यात विचार आहे. या नियमांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार घड्याळाबद्दल आहे. नियम सारखा असतो, पण अर्ज पुढे सरकायचा वेग सारखा नसतो. एका निवडणुकीत आमच्याच भागातल्या एका अपक्षाच्या चार रिक्षांचे कागद मी स्वतः घेऊन गेलो होतो. एक सही या टेबलावर, एक ना हरकत त्या टेबलावर, साहेब राउंडला गेलेत, उद्या या. उद्या गेलो तर नमुना बदललाय. परवाने हातात पडले तेव्हा प्रचाराचा एकच दिवस उरला होता. लोकसभा-विधानसभेला मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचार थांबवावा लागतो, महापालिकेलाही तशीच मर्यादा असते. त्यामुळे उशीर म्हणजे नकारच. फक्त त्या नकारावर कुणाची सही नसते, त्यामुळे कोर्टात दाखवायला काही हातात राहत नाही. त्या उमेदवारानं मला पूर्ण भाडं दिलं. रिक्षा दारात उभ्या होत्या तरी दिलं. मी मोठ्या उमेदवारांकडची बिलं बुडालेली पाहिली आहेत, म्हणून तो माणूस लक्षात राहिला.

२०२० च्या नोव्हेंबरात मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, आफ्रिकेतल्या युगांडाचा. बॉबी वाईन नावाचा गायक राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता. डोक्यावर हेल्मेट, अंगात गोळी अडवणारं जाकीट, गाडीच्या टपातून अर्धा बाहेर उभा राहून प्रचार करत होता. पुढे पोलिसांनी रस्ते अडवलेले. लुका जिल्ह्यात त्याला कोरोनाचे नियम मोडले म्हणून पकडलं, त्यावरून उसळलेल्या आंदोलनात पन्नासावर माणसं मेली. आपल्याकडे इतकं झालं नाही, याचं मोल मला कळतं. पण मी पाहत होतो त्याच्या मागची गाडी. तिच्यावर भोंगे बांधलेले होते आणि एक पोरगा वायर सांभाळत वाकून बसला होता. त्याचं पुढे काय झालं ते कुठल्याच बातमीत नव्हतं.

आपल्याकडे आता अर्ज ऑनलाइन होतात, निवडणूक कार्यालयात एक खिडकी असते. पूर्वीपेक्षा बरं आहे. तरी माझं म्हणणं तिघांपाशी मांडून ठेवतो. निवडणूक आयोगानं प्रत्येक अर्जाला ठराविक तासांत लेखी उत्तर बंधनकारक करावं, आणि नकार असेल तर कारण लिहावं. पोलिसांनी भोंगा उचलला तर तिथंच पंचनामा व्हावा, त्यात मालकाचं नाव, सामानाचा नंबर आणि अवस्था लिहावी, आणि प्रचार संपताच सामान परत द्यावं. बॅटरी उभीच ठेवावी, आडवी करू नये. पक्षांनी स्पीकरवाल्याशी कागदावर करार करावा, जप्ती झाली तर भरपाई त्यांची. आणि आमच्या धंद्यातल्या नव्या पोरांना एवढंच सांगतो, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोचेवर तारीख आणि वाजले किती ते लिहून घ्या, कारण वकील पहिलं तेच मागतो.